फाट्यावरचा फ्लेक्स

कल्याण : ...पगार इथल्यापेक्षा जास्त हाय, शहर मोठंय, बसडेपोचं गॅरेज हाय. एवढंच.

मीना : एवढंच?

कल्याण : एवढंच.

मीना : मंग तोंड असं का पाडून बसले? पगार वाढणार म्हणल्यावर माणूस हासतो.

(शहागड. सकाळ. मीनाचा मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवलेला. ती भाकरी थापते आहे. पडद्यावर तिचा नवरा कल्याण, कॅनडात, तिकडे संध्याकाळ. कल्याणची आई झुंबरबाई दारात शेंगा फोडत बसली आहे.)

झुंबरबाई : काय म्हणतोय गं तो? आवाज वाढव.

मीना : नोकरी बदलायची म्हणतेत, आत्याबाई.

झुंबरबाई : बदल की बाबा. आधी ते कायमचं राहायचं कार्ड येऊ दे हातात, मंग खुशाल बदल.

कल्याण : तसं जमत न्हाई माय. कार्डाची फाईल ह्याच मालकाच्या नोकरीवर चाललीय. नोकरी सोडली की फाईल बंद. नवा मालक करून देतो म्हणलाय, पण पहिल्यापासून.

झुंबरबाई : पहिल्यापासून म्हंजे किती?

कल्याण : दोन वर्षं. वरबी लागतील.

झुंबरबाई : आन ही चालू हाय ती?

कल्याण : आठ-नऊ महिन्यांत झाली असती.

झुंबरबाई : मंग येड लागलं का रे तुला? इथं फाट्यावर अंगदनं फ्लेक्स लावलाय तुझा!

कल्याण : कसला फ्लेक्स?

मीना : सांगणारच होते. 'कॅनडाचे कायमचे रहिवासी झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' आपल्या लग्नातला फोटो टाकलाय, फेट्याचा. मला कापून काढलंय त्यातून. खाली शुभेच्छुक म्हणून अंगद भाऊजींचा फोटो, तुमच्यापेक्षा मोठा.

कल्याण : झाल्याबद्दल? आरं, अजून झालो कुठं मी?

झुंबरबाई : मीच म्हणलं लाव. होणारच हाय तर थांबायचं कशाला? पेढेबी वाटले. आता काय तोंड दाखवू लोकांला?

कल्याण : माय, तू पण ना...

मीना : आत्याबाई, जरा थांबा. अहो, खरं सांगा. दोन वर्षं घालवायची आणि चार पैसे जास्त मिळवायचे, असा हिशेब तुम्ही करणारे न्हाईत. तिथं काय झालं?

कल्याण : काय न्हाई झालं.

मीना : मी शिवणकामाचा गाळा सोडलाय, माहितीये ना? ब्लाऊज शिवायची मशीन शेजारच्या दैवशालाला देऊन टाकली. आता जायचंच हाय म्हणून. मला खरं काय ते ऐकायचंय.

कल्याण : ...एक ट्रक उभा हाय गॅरेजात. लांब पल्ल्याचा. मागच्या ब्रेकची लायनर संपली, नुसतं लोखंड राह्यलंय. इथं गाडी रस्त्यावर काढायच्या आधी मेकॅनिकची सही लागती, की गाडी बराबर हाय म्हणून. मालक म्हणतो सोमवारी सही कर, गाडी जाऊ दे, पुढच्या फेरीला बदलू.

मीना : आणि तुम्ही?

कल्याण : न्हाई म्हणलं. तर तो हासून म्हणाला, तुझी फाईल माझ्या हातात हाय, विचार करून बोल.

झुंबरबाई : मंग करून टाक की एक सही! तू काय गाडी चालवून राह्यला का? त्याची गाडी, त्याचा डायवर. आठ महिने दात दाबून काढ. पोरीला नेशील, बायकोला नेशील.

कल्याण : एक सही न्हाई राहात माय. एकदा केली की दर हप्त्याला करावी लागंल.

झुंबरबाई : मंग सरकारात तक्रार कर त्याची.

कल्याण : करणार हाय. पण तक्रार करून त्याच्याच दारात काम कसं करू? फाईल जायची ती जाणारच. मीना, तू बोल ना काहीतरी.

मीना : काय बोलू? मलाबी यायचंय तिकडं. आपल्या प्रियाच्या वाढदिवसाला तुम्ही मोबाईलमधून टाळ्या वाजवता आन ती मोबाईललाच केक लावती. मला रडू येतं त्याचं. लई राग येतो तुमचा.

कल्याण : म्हंजे करू सही? तू म्हणशील तसं. आज रात्रीत नव्या मालकाला कळवायचंय.

मीना : आत्याबाई, मला ह्या घरात का दिलं, माहितीये का तुम्हाला?

झुंबरबाई : हे काय मधीच? आमची गोदाकाठची जमीन बघून दिलं. बारमाही पाणी.

मीना : जमीन न्हाई बघितली आमच्या वडलांनी, दादांनी. ते मोसंबीचा ट्रक घेऊन हैद्राबादला चालल्ते. ब्रेक लागंना म्हणून इथं फाट्यावर, हे कामाला होते त्या उस्तादच्या गॅरेजला थांबले. ह्यांनी चाक खोललं आन परत बसवलंच न्हाई. नवीन लायनर आल्याबिगर गाडी सोडणार न्हाई म्हणले. माल सडून राह्यला, दादांनी शिव्या घातल्या...

कल्याण : थोबाडीतबी मारली.

मीना : मारली?

कल्याण : चांगली जोरात. तुला न्हाई सांगितलं कधी.

मीना : दादांनीबी न्हाई सांगितलं! रात्रभर गाडी तिथंच ठेवली ह्यांनी. दादा घरी येऊन आईला म्हणले, शहागडला एक आडमुठं पोरगं बघून आलो, शिव्या खाल्ल्या पण चाक दिलं न्हाई. मीनाला तिथंच द्यायची.

झुंबरबाई : आन मी एवढी वर्षं जमिनीचं सांगत फिरले.

मीना : अहो, नव्या मालकाला आत्ताच कळवा. भाकरी होईस्तवर कळवा.

कल्याण : दोन वर्षं मीना.

मीना : ऐकलं मी. उद्या गाळेवाल्याला भेटते. दैवशालाकडून मशीन आणते, ती तोंड वाकडं करंल, करू दे.

कल्याण : रागावली का?

मीना : हो. दोन दिवस राहील. मंग फोन करा. आणि जेवा आता.

कल्याण : जेवतो. माय, ठेवू का?

झुंबरबाई : ठेव बाबा. सोमवारी त्याच्याशी भांडू नको, मालक हाय तो. नीट सांगून ये.

कल्याण : बरं.

झुंबरबाई : ...गेला का? मंग आता त्या फ्लेक्सचं काय करू गं? समदं शहागड वाचून राह्यलंय.

मीना : अंगद भाऊजींना काढायला सांगा. कडब्यावर झाकायला होईल.

झुंबरबाई : कडब्यावर? माझ्या लेकाचा फोटो?

मीना : फोटोची बाजू खाली करून टाकू, आत्याबाई. उन्हानं रंग उडतो. आपल्याला परत लावायचाय तो.