क्लबात रेकॉर्डी लावणारा वामन

हॅलो?… हॅलो, कोण?… हो, जालनाच… रजनी? अगं मी वहिनी, अरुंधती… हो, हो, येऊन राह्यला आवाज. खरखर हाये थोडी… न्हाई, घरी कुठला आला फोन. कापसाच्या प्रेसच्या हापिसातून बोलून राह्यले. भुजंगराव कारकुनांनी माणूस धाडला, म्हने वामनरावांच्या नावानं हैद्राबादहून ट्रंक कॉल लागलाय, जल्दी या. पिठाचे हात तसेच घेऊन आले मी…

दादा?… हायेत ना. बरे हायेत… आधी तू सांग, तिकडं सगळे ठीक ना? श्रीपतराव? पोरं?… मंग फोन कशापायी केला?…

काय?… सावकाश सांग, निम्मं निसटून राह्यलं… सिकंदराबादच्या हाटेलात… नाचाच्या हॉलमधी रेकॉर्डी लावायला?… श्रीपतरावांनी शब्द टाकला… हो… टँगोची समज असलेला माणूस पाहिजे… राहायला खोली बी… मंगळवारी येऊन भेटा म्हने…

ऐकून राह्यले ना… खूश का न्हाई होणार?… रडत न्हाई गं. सर्दी झाली.

दादाला? देते की… न्हाई, म्हणजे ते कामावर हायेत, आत, मशीनीपाशी… भुजंगरावांनी सांगितलं तुला, इथंच हायेत म्हणून?… हो. आलेत माझ्यासंगं. बाहेर बाकावर बसलेत… भांडण न्हाई झालं. कसलं भांडण… अगं ऐक ना. ऐक माझं. रजनी, तुझ्या दादाला ऐकू येत न्हाई.

फोनवर न्हाई गं. कुठंच न्हाई… कमी न्हाई, बिलकुल न्हाई. दोन वर्षं झाली कमी होत होत… दाखवलं की, औरंगाबादला नेऊन दाखवलं. डाक्टर म्हने, प्रेसच्या आवाजानं कानाची नस गेली. वीस वर्षं त्या धडधडीत उभे राह्यले… दवा न्हाई म्हने याला.

न्हाई सांगितलं. माझी चूक हाये, बोल मला… त्यांनी शपथ घातल्ती. कोणाला कळलं तर रेल्वेच्या क्लबातलं रेकॉर्डी लावायचं काम जाईल म्हने. शनिवारच्या सांजेचं तेवढंच तर होतं त्यान्ला. प्रेसमधी नुसते फिटर. तिथं गार्डसाहेब, इंजिनवाले, ते गोव्याचे लोक, सगळे ‘मिस्टर वामन’ म्हणायचे. त्या दिवशी सदरा बी दोनदा झटकायचे…

कसे लावत होते म्हणजे? हातानं. ग्रामोफोनच्या पेटीच्या लाकडावर बोटं टेकवून बसायचे, ठेका त्यातून समजायचा. आन् नजर नाचणाऱ्यांच्या पायावर. बाकी सगळं पाठच होतं, तुला तर ठाऊक. टँगोच्या चार रेकॉर्डी एकामागं एक, एकाच बँडच्या. पहिली सोपी, पाय बसायला. मंग जड. शेवटाला गाण्याची. त्यानंतर दुसरंच काही जरासं वाजवायचं, म्हणजे माणसं समजून घेतात, जागेवर जातात, जोड्या बदलतात. कोणाचा पाय जड पडला की म्हणायचे, आता हलकी लावतो… हो, रेकॉर्डीन्ला नावं बी त्यांचीच. त्या टँगोच्या देशाची भाषा कोणाला येते? ‘उंबऱ्यातली’, ‘रुसलेली’, ‘दुपारचा टांगा’. पाकिटावर लिहून ठेवलेली. दर रेकॉर्डीला सुई बदलायचे, मलमलीनं पुसायचे. घरात स्वतःचा चष्मा कधी पुसला न्हाई…

तेच सांगून राह्यले. मागल्या महिन्यात, एका शनिवारी झालं. परेरा गार्डसाहेब विलायतेला चालले कायमचे, त्यांचा निरोप होता. मला बी बोलावल्तं, मागं बशा धुवायला. नाच रंगात आल्ता, आन् तिसऱ्या रेकॉर्डीत सुई अडकली. एकाच जागी. तेवढंच वाजून राह्यलं, तेवढंच… मला आत ऐकू आलं. हातातली बशी टाकून पळाले, पण मधी ही गर्दी… न्हाई, त्यान्ला कसं कळणार? बोटाला ठेका बराबर लागत होता ना. तोच तोच हाये, हे बोटाला कुठून समजावं?

पाय थांबले तवा त्यांनी वर पाह्यलं. लोक हसून राह्यल्ते. मंग हे बी हसले, गं. त्यान्ला वाटलं, परेरासाहेबाची काही थट्टा चालली. सगळ्यांसंगं हसत बसले, बोटं तशीच लाकडावर…

हाये. हाये मी.

परेराबाईंनी येऊन सुई उचलली. काहीतरी विचारलं. हे म्हणाले, ‘येस मॅडम.’ त्यांनी पुन्हा विचारलं. पुन्हा हे ‘येस मॅडम.’ तवा सगळ्यांना समजलं. मंग कोणी हसलं न्हाई. ते जास्ती वाईट होतं.

काढलं न्हाई कोणी. क्लबाचे सेक्रेटरी घरी आल्ते, कागदावर लिहून दिलं, या म्हणून. हेच गेले न्हाईत. आता क्लबातला पोरगा लावतो रेकॉर्डी, लतीफ… प्रेसचं हाये ना काम. तिथं कोणाला काय ऐकू येतं.

म्हणून म्हंते, श्रीपतरावांना सांग, दुसरा माणूस पाहा. आन् दादाला हे हाटेलाचं कळवू नको. पत्रात बी न्हाई… लपवणं तर लपवणं. आता हे बी घेते माझ्यावर…

आत्ता? दारात येऊन उभे राह्यलेत. माझ्या तोंडाकडं पाहून राह्यले. आजकाल सगळ्यांच्या तोंडाकडं पाहतात… हात पुढं केला त्यांनी. तुझ्यासंगं बोलायचंय म्हणतात… काय बोलशील? काही बी बोल, बाई. तुझे दादा हायेत. देते.

घ्या. रजनी हाये. र-ज-नी.

हॅलो? रजे, मी वामन. दादा बोलतो… वहिनीनं सांगितलंच असंल तुला. मोठ्यानं बोलतो का गं मी? मला समजत न्हाई. असं करू, मी बोलतो, मंग थांबतो. तवा तू बोल…

…

बरं. पोरं शाळेत जातात?…

…

बरं, बरं.

अहो, जरा वाकू द्या मला, कान लावते… रजनी?… रजनी, हायेस का?… भुजंगराव, लाइन गेली वाटतं. खरखर बी न्हाई. गेलीच… न्हाई, घेऊ नका त्यांच्या हातातून. ऱ्हाऊ द्या. बोलू द्या जरा… हो, हो, बोला तुम्ही. हाये ती. बोला.

तर काळजी करू नको, रजे. काम चालू हाये माझं. पहिल्यानं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. रेकॉर्डी मनात वाजवून पाहतो. वाजतात, पण गाणाऱ्या बायांचे आवाज पुसट होत चालले. वहिनीचा बी कधी कधी आठवत न्हाई. तिला सांगू नको. तुझा तेवढा साफ हाये बघ. गावी धावड्याला असताना तू विहिरीवरून हाक मारायचीस, तसा. म्हणून म्हटलं, फोन कानाला लावावा एकदा…

…

रडतीस का?… रडू नको.

…

झालं तुझं बोलून?…

…

बरं. ठेवतो मंग.