आउटबॉक्समधली एक मेल

केवलचंद : म्हणजे सगळ्या आल्या? एकही मेल मागे राहिली नाही ना, बेटा?

नेहल : अकरा हजार चारशे आल्या, पप्पाजी. त्यात निम्म्या तर मिरचीच्या गाड्या कुठे पोहोचल्या त्याच्याच आहेत. नव्या कॉम्प्युटरवर कशाला हव्यात या?

केवलचंद : असू दे. महावीर म्हणतो, बाबा दुकानात नुसते लोडाला टेकून बसायचे. त्याला दाखवायला होतील.

नेहल : तुमच्या मुलाला मीच दाखवते! आणि हो, आउटबॉक्समध्ये एक मेल अडकली होती, तीपण गेली.

केवलचंद : गेली? कुठे?

नेहल : जुनं सगळं इकडे आणलं, नेट जोडलं, तशी आपोआप निघून गेली. जेवायच्या आधीच. सोबत सारंगखेड्याच्या जत्रेतले आठ फोटो होते, तेव्हाच्या नेटला झेपले नसतील. नाव होतं... करणसिंग गिरासे, नवापूर.

केवलचंद : करण? माझा पोल्ट्रीवाला दोस्त? ती मेल तेव्हा गेलीच नव्हती?

नेहल : नाही ना. दोन हजार अकरापासून इथेच पडून होती. पप्पाजी, बसा आधी. पाणी देऊ?

केवलचंद : त्याच्या मुलीचं लग्न होतं, बेटा. आणि तुझ्या सासूला मी सूरतच्या दवाखान्यात घेऊन गेलो होतो. पोटाचं ऑपरेशन. कपडे न्यायला एका रात्रीपुरता घरी आलो, तेव्हा बसून लिहिलं त्याला. लग्नाला येऊ शकत नाही म्हणून.

नेहल : मग फोन का नाही केला?

केवलचंद : फोनवर रडू फुटलं असतं मला. लग्नघरात ते बरं दिसलं असतं का? मग उत्तराची वाट पाहिली. त्याने साधं विचारलंसुद्धा नाही. मीही म्हटलं, जाऊ दे.

(केवलचंदांचा मोबाइल वाजतो. नेहल स्पीकर सुरू करते.)

करणसिंग : केवल! वहिनी कशी शे?

केवलचंद : कोन... करण?

करणसिंग : आधी वहिनीनं सांग! कोनता दवाखाना शे? सूरतमा मी कोठे शोधू? सोनगडना पुढे ई लागनू मी.

केवलचंद : तू सूरतले जाई ऱ्हायना?

करणसिंग : मंग? तुन्ही मेल वाची, चप्पल घाली अन् निंघनू. पोल्ट्रीन्या कोंबड्या गडीना हवाले करी दिन्यात.

केवलचंद : अरे बाबा, गाडी बाजूले लाव. वहिनी ठणठणीत शे. गच्चीवर पापड वाळत घाली ऱ्हायनी.

करणसिंग : पन उद्या ऑपरेशन शे आसं लिखं शे तू!

केवलचंद : खाले मन्हा नावजोडे तारीख देख.

करणसिंग : थांब, चष्मा लावू दे. ...एकोणीस एप्रिल, दोन हजार अकरा. जागृतीना लगीनना आदला दिवस.

केवलचंद : हं. ती मेल आज निंघनी.

करणसिंग : अन् मी समजनू, शेठ मोठा व्हई गया, आते आपला मांडवमा कसाले येई.

केवलचंद : मी समजनू, मन्ही बायको मरो की जगो, याले काही नही.

करणसिंग : चौदा साल, केवल! एक फोन तं करना व्हता!

केवलचंद : तू करना व्हता!

नेहल : काका, मी नेहल, यांची सून. भांडण नंतर करा. आधी गाडी आमच्या घराकडे वळवा.

करणसिंग : वळाई लिधी, बेटा. तुन्हा सासरा बोली ऱ्हायना व्हता तव्हयच.

केवलचंद : जागृती कशी शे रे?

करणसिंग : दोन पोऱ्या शेत तिले. मांडवमा तीनदा विचारं तिनी, केवलकाका कोठे ऱ्हाई गयात म्हनीसन. मी काय सांगू?

केवलचंद : ...गाडी हळू चालाव.

करणसिंग : हां, हां. ठेवस आते.

नेहल : पप्पाजी, डोळे पुसा. मी वर जाऊन मम्मीजींना सांगते. काय सांगू?

केवलचंद : सांग, करण येतोय. आणि चार दिवस राहणार आहे.

नेहल : तसं कुठे म्हणाले ते?

केवलचंद : तो कशाला म्हणेल! मी सोडतोय का त्याला?