माझ्या हातचं बाकडं

माझ्या बाकड्याला तुमी लय हसलात ना? मग ऐका. वादळात मोडलेल्या शेवग्याच्या ओल्या फांद्या तोडून त्याचे पाय केले, वर फळी ठोकली. बसलं की डुगडुगायचं, म्हणून पाय अंगणातल्या मातीत खोल गाडले. आई म्हणाली, "ओलं लाकूड कुठं टिकतंय व्हय? कुजून जाईल सगळं."

मागच्या महिन्यात एका सकाळी तिनंच हाक मारली, "आरं, लवकर ये!"

बघतो तर चारी पायांना कोवळी पालवी! माझ्या हातचं बाकडं, अन् जितं!

मी म्हटलं, "आई, बस की."

"जित्या झाडावर कशी बसू?" म्हणत तिनं तांब्याभर पाणी घातलं.

तवापासून आमी दोघं चहा घेऊन त्याच्यासमोर खाली जमिनीवर बसतो.