अक्काची पेन्शन बंद झाली

हॅलो?… हॅलो, कोण?… मीना? अगं मोठ्यानं बोल, नुसती खरखर येतेय… हो, मीच. अक्का… अगं अक्काच! तुझी सख्खी बहीण कालिंदी… किंचाळतेस काय?… मीना, रडू नको. पुण्याला सगळे बरे आहेत ना?… मग रडतेस कुणासाठी?

माझ्यासाठी?… मला काय धाड भरलीय?

कुणी कळवलं?… वसंतनं? कार्डात काय लिहिलंय, वाच बघू… 'अक्काआत्याची पेन्शन बंद झाली. सविस्तर मागाहून.'… एवढंच?… अगं बाई!… हो, माणूस गेलं की बंद होते, खरंय… आपले अप्पा गेले तेव्हा त्यांची तशीच झाली, तेही खरंय… पण म्हणून थेट ट्रंक कॉल?… बरं, फोनवर कुणाला बोलवा म्हणालीस?… वसंतला. तो गेलाय आजऱ्याला. म्हणून जिनपालअण्णांनी मलाच शाळेतून बोलावून घेतलं. तू मेलेल्या बहिणीची चौकशी करायला गेलीस आणि तीच आली की फोनवर!… हां, आता कसं हसू आलं… नाक पूस आधी.

…राहू दे अण्णा, खुर्ची नको. उभं राहायची सवय हाय मला… तुला नाही गं, अण्णांना म्हटलं. त्यांच्या गुळाच्या पेढीवरून बोलतेय. शाळेच्या समोरच आहे.

हो, शाळाच म्हणाले… जूनपासून परत शिकवतेय मी… आमच्याच शाळेत, मुलींच्या… अगं ऐक ना! गणिताला कुणी मिळेना, मुख्याध्यापिकेची खुर्चीही रिकामी. शाळेची मंडळी घरी आली, मी हो म्हटलं… तुला कळवलं असतं तर 'विश्रांती घे' म्हणून चार पानं लिहिली असतीस, म्हणून नाही कळवलं.

पेन्शन? ती बंद झालीय, ते खोटं नाही… सांगते की! श्वास तरी घेऊ दे.

दर महिन्याला ट्रेझरीत हयातीचा दाखला द्यावा लागतो, ठाऊक आहे ना? अमुक इसम माझ्यासमोर हजर असून जिवंत आहे, असा?… हां. तर आता मी मुख्याध्यापिका, शिक्का माझ्याकडे. म्हणून पेठेतले सगळे पेन्शनर शाळेत माझ्याच सहीला येतात. त्या दिवशी अकराजण आले. सगळ्यांना बाकावर बसवलं, हजेरी घेतली, एकेकाच्या दाखल्यावर सही, शिक्का, सही, शिक्का… आणि त्या गठ्ठ्यात माझा दाखला.

त्याच्यावर पण!… हो. 'श्रीमती कालिंदी माझ्यासमोर हजर असून हयात आहेत.' खाली सही, कालिंदी… हसू नको, तुझे यजमान नृसिंहराव ऐकतील… ते पण हसतायत?… हसू देत.

तर ट्रेझरीत पिराजी आहे ना, पहिलीत मुलगेही असायचे तेव्हाचा माझा विद्यार्थी, तो कागद घेऊन आला घरी. म्हणतो कसा, 'बाई, तुमी जित्या हाय म्हणून तुमीच लिवून दिलंय की! आन् वर शाळेचा शिक्का. म्हंजी नोकरी बी हाय आन् पेन्शन बी हाय. तसं चालत न्हाय.'… अगं, मला वाटलं शाळा खासगी आहे, चालत असेल. पण सरकारचं अनुदान आहे ना शाळेला. पगार चालू तोवर पेन्शन मिळत नाही, म्हणून ट्रेझरीनं तूर्त अडवलीय. नोकरी सोडली की पुन्हा अर्ज करायचा, मग सुरू… एक महिन्याची जास्त आली ती परत केली, त्याची काळजी नको.

हॅलो?… तीन मिनिटं झाली? आणखी तीन द्या हो बाई!… मीना, आहेस ना?

…हो, नोकरी सोडायची सोय आहे. ट्रेझरीला आज पाचपर्यंत पक्कं कळवायचंय. एकतर राजीनामा, नाहीतर पेन्शन थांबवा म्हणून माझ्या हातचा अर्ज… तो लिहून, सहीविना पिशवीतच आहे. दोन दिवस पिशवीतच आहे… भीती वाटते गं. तुझ्याशी कशाला खोटं बोलू? वर्षानं मंडळी म्हणाली, बाई पुरे, तर पुन्हा किती कचेऱ्यांचे जिने चढायचे? ती पेन्शन माझी आहे म्हणून वसंतच्या घरात ताठ मानेनं राहते मी.

हो, हो… तू म्हणतेस ते पटतं. पेन्शन जन्माची आणि नोकरी वर्षाची, कळतं मला… अगं पण ऐक ना! वर्षभर घरी होते, तर मला लोक काय विचारायचे? आमटीत मीठ घातलंय का. बस. आणि आज सकाळी या अण्णांच्या त्रिशलानं भर वर्गात उभं राहून फळ्यावरची माझी चूक काढली. माझी!… असा राग आला मला, आणि इतका आनंद झाला मीना, की खडूच सुटला हातातून… सातजणी बसणार आहेत मॅट्रिकला. मी सोडलं तर त्यांचं गणित सुटलं. मग बसा लोणची घालत.

आता तूच सांग, राजीनामा देऊ?… हॅलो?… काय म्हणालीस?… देऊ नको?… परत म्हण… हो, तुलाही मीच शिकवलं. चौदाचा पाढा येईपर्यंत जेवायला दिलं नव्हतं… अजून येतो? शाबास!

थांब. फोन ठेवू नको… अण्णा, टाक द्या की जरा. आन् दौत… हां… ऐक, वाचते. 'मी मुलींच्या शाळेत कामावर हजर झाले असल्याने माझी पेन्शन थांबवावी.' केली सही!… अण्णा, हितं साक्षीला तुमी करा. यावेळी माझी मीच न्हाय करत… शाई सांडली गं थोडी. असू दे… काय म्हणतेस? दिवाळीला येऊ?… ये की. पण सुट्टीत जादा तास आहेत, तूच स्वयंपाक—

हॅलो?… मीना?… हॅलो?

गेली लाईन. अण्णा, तिकडं घंटा झाली, मी चालले. पुन्यास्नं परत फोन आला तर एवढंच सांगा, बाई वर्गावर हाईत.