खिडकीपुढची पाणकणसं

आई : …आणि ही पाणकणसं तूच लावलीस. बाहेरच्या कुणी लावली असती तर चार शिव्या तरी घातल्या असत्या.

धाकटी : घाल ना मग. मला काय नवीन आहे?

आई : हाड मोडून पडले, तू खाट खिडकीशी आणलीस, म्हटलं चला, तळं तरी दिसेल. तर समोर ही हिरवी भिंत. पाण्याचा थेंब दिसेल तर शपथ.

धाकटी : पाणकणसं आहेत म्हणून पाणी उरलंय, आई. गावाचं सांडपाणी त्यांच्या मुळांतून गाळून तळ्यात जातं. काठ साफ केला होता तेव्हा काय झालं, विसरलीस? बघता बघता सगळीकडे जलपर्णी. असा वास सुटला की ही खिडकी तूच खिळे मारून बंद केलीस.

आई : हे व्याख्यान तुझ्या त्या तळं वाचवणाऱ्या मंडळींना दे. मला पाणी बघायचंय. नाहीतर थोरला उद्या गाडी घेऊन येतोच आहे. त्याच्याकडे निदान लिफ्ट आहे.

धाकटी : आणि तिथून काय दिसतं? समोरच्यांचे वाळत घातलेले कपडे.

आई : दिसू देत. ते माझ्या लेकीने तर लावलेले नाहीत.

धाकटी : तू एकदा गेलीस की परत यायची नाहीस. मला ठाऊक आहे.

आई : हाडं माझी, मर्जी माझी.

धाकटी : बरं. कोयता कुठे आहे?

आई : कशाला?

धाकटी : खाटेसमोरचा पट्टा कापते. लोक म्हणतील, आम्हाला काडी मोडू देत नाही आणि स्वतःच्या आईसाठी कापते. म्हणू देत. तू जाऊ नकोस, एवढंच.

आई : दाराच्या मागे बघ. तुझ्या बाबांचाच आहे. आणि फार कापू नकोस, खिडकीएवढं पुरे.

धाकटी : नेमकं काय बघायचंय सांग, तेवढंच मोकळं करते.

आई : तो खांब. होडी बांधायचे तो. आहे की कुजला, देव जाणे. संध्याकाळी मी इथेच उभी राहायचे. तुझे बाबा लांबूनच वल्ह्याने होडीच्या कडेवर टकटक करायचे, की मी चहाचं आधण ठेवायचे. जाळं वाळत टाकून दारात येईपर्यंत कप तयार. बोलायचे कुठे फारसे? ती टकटक म्हणजेच त्यांचं बोलणं.

धाकटी : टकटक कशाला? येताना दिसायचे की.

आई : दिसतील कसे? मध्ये पाणकणसं होती ना, पार डोक्यावर गेलेली…

(बाहेर काठाशी ‘चुबुक’ असा आवाज होतो.)

आई : ते काय वाजलं गं?

धाकटी : मरळ. मासा असून श्वास घ्यायला वर येते. पिल्लं झालीत तिला, तांबड्या पिल्लांचा घोळकाच्या घोळका. इथेच, खिडकीखाली. आईबाप दोघं राखण करताहेत.

आई : आणि तू तिथेच कोयता घेऊन निघालीस?

धाकटी : तू जाते म्हणालीस.

आई : या दिवसांत तुझे बाबा होडी इकडून आणायचेच नाहीत. पार पलीकडच्या काठाला लावायची आणि वल्हं खांद्यावर टाकून चालत यायचं. बाकीचे हसायचे. म्हणायचे, बाळंतपण मरळीचं आणि पायपीट याची. मी तर वैतागायचे. टकटक नाही, मग चहा एकतर गार, नाहीतर झालेलाच नाही. किती वर्षांनी ऐकला हा आवाज. मला वाटलं होतं, तो त्यांच्याबरोबरच गेला.

धाकटी : मधली बरीच वर्षं मरळ नव्हतीच इथे.

आई : काठ उघडा झाला तेव्हा मला केवढा आनंद. म्हटलं, आता हे लांबूनच दिसतील. दिसायला लागले, आणि मासळी नाही, होडी रिकामी आहे तेही लांबूनच कळायला लागलं.

धाकटी : मग या कोयत्याचं काय करू?

आई : ठेव जागेवर. आणि आधण टाक.

धाकटी : दादाला काय सांगू?

आई : सांग, खिडकीखाली बाळंतीण आहे. पिल्लं हिंडती-फिरती होईपर्यंत आई काही हलायची नाही.