सात फुटांवरचा पट्टा

सिंदेवाहीच्या बसस्टँडवर माझ्याच बाकावर एक बाई, तिची लेक आणि कुंचल्यांची पिशवी घेतलेला रंगारी बसले होते.

"मुखरूभाऊ, एकाच भिंतीले रंग किती लागन ते सांगा. खालून डिस्टेंपर, वर चुना, मधात पट्टा."

"डिस्टेंपर किती उंच न्याचा, बाई?"

"तीन फूट. पाहुणे खाली बसतीन, त्याइले तेवढंच दिसते."

"मंग एक किलो पुरन. पाहुणे कायचे?"

"आमच्या चंदाले पाहाले आरमोरीचे येऊन राह्यले."

"पोरी, उभी राह्य बरं जरा... बापा!"

"म्हणून त दोन ठिकाणचे परत गेले, भाऊ. पोरापेक्षा पोरगी उंच, म्हणे."

"मंग पट्टा तीन फुटांवर नोको. त्या पट्ट्यासमोर पोरगी अजूनच उंच दिसन. पट्टा डोक्याच्या वर, सात फुटांवर ओढू. पोरगी बुटकी दिसते."

"खरं म्हणता? रंग किती लागन मंग?"

"सव्वादोन किलो. आन मजुरी दोन रोजाची."

"इतके पैसे कुठून आणू, भाऊ?"

उभी असलेली लेक तेव्हा बोलली.

"मजुरी धरू नोका, काका. रंग मीच मारतो. सात फुटांवर माहा हात पोचते, शिडीबी लागत नाई."