पप्पांचं वोट

ऐका ना, माझं डोकं अजून फिरलेलं आहे. आमचे पप्पा ऑफिसवरून जेसल पार्कला घरी आले की बूट काढायच्या आधी टीव्हीवर कॉमेडी सिरियल लावतात. त्यातला सासरा आला की एवढे हसतात, की खालचे मेहताकाका ओरडतात, "अरे भाई, धीरे हसो!"

यंदा त्या सासऱ्याला बेस्ट कलाकाराचं नॉमिनेशन मिळालं. वोट पब्लिकने द्यायचं, एका फोनवरून एकच. मी अख्ख्या बिल्डिंगला वोट द्यायला लावलं. मेहताकाकांनी पण दिलं.

आणि अवॉर्ड कुणाला? रडक्या सिरियलच्या सुनेला! आमच्या माणसाला स्टेजवर बोलावलं ते फक्त मध्येमध्ये लोकांना हसवायला. फुकटचा राबवला!

मी शिव्या घालतोय, तर पप्पा शांतपणे म्हणाले, "मी पण तिलाच दिलं वोट."

"काय? तुम्ही तर तिची सिरियल बघत पण नाही!"

"अरे, ती किती मनापासून रडते. अवॉर्ड अशांनाच द्यायचं असतं. हा काय, नुसता हसवतो."

नुसता! माझी सटकली.

दुसऱ्या दिवशी पप्पा यायच्या आधी मी त्या सुनेची सिरियल लावली आणि रिमोटचे सेल खिशात टाकले. पप्पा आले, सोफ्यावर पडले.

"हे काय लावलंयस? बदल लवकर. साहेबाने आज सगळ्यांसमोर झापलंय मला. जरा हसू दे."

मी म्हटलं, "मग तिलाच सांगा ना हसवायला!"